आधी जागा, मग पॅकेट

पुणे-बंगळुरू राष्ट्रीय महामार्ग ४८ कागल मागे टाकून कर्नाटकात शिरतो तिथे कोगनोळीचा टोलनाका आहे. त्यापुढे निपाणी. १६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत बरीचशी संपली. गाडीच्या काचेवरच्या त्या पातळ पट्टीत बॅटरी नसते. वर टांगलेला रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडतो, त्यांच्याच ऊर्जेवर पट्टी जागी होते आणि आपला क्रमांक परतवते. रीडर तो क्रमांक लेनच्या संगणकाकडे पाठवतो, तिथून तो बँकेकडे जातो, दांडा उठतो, गाडी तवंदी घाटाच्या दिशेने निघून जाते.

या सगळ्यात बोललं जातं ते पाठवण्याबद्दल. रीडरने किती लांबून वाचलं, सिग्नल किती जोरकस, इंटरनेटचा वेग किती. रीडरच्या तारेतून आलेले बाइट पलीकडच्या संगणकाने नेमके घेतले कसे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ही पुस्तिका त्याच प्रश्नाची आहे: संगणकाच्या नेटवर्क चिपची आत घेणारी बाजू आणि तिथून मुख्य मेमरीपर्यंत होणारा पॅकेटचा प्रवास.

विषय रुक्ष वाटेल, पण त्यात एक गोम आहे. पाठवणारी चिप स्वतःच्या सोयीने पाठवते. पॅकेट तयार झालं, मेमरीत मांडलं, वेळ मिळाला की तारेवर सोडलं. घेणाऱ्या चिपला यातली कोणतीच मुभा नाही. पॅकेट कधी येणार, केवढं येणार, एकामागून एक किती येणार, हे तिला आधी कळत नाही. म्हणून तिची सगळी कारागिरी एकाच गोष्टीत आहे: पॅकेट यायच्या आधी त्याच्यासाठी रिकामी जागा तयार असली पाहिजे. गेल्या चाळीस वर्षांत या चिपांमध्ये जे जे बदललं, ते बहुतेक ही जागा कुठे ठेवायची, कोणी राखायची आणि भरली की कोणाला हाक मारायची, याभोवतीच फिरत राहिलं.

तारेपासूनच सुरुवात करू. शंभर मेगाबिटच्या इथरनेटवर तारेतला सिग्नल वाचून त्याचे बिट करणारा भाग वेगळा असतो. त्याला फाय म्हणतात. त्यांची चौकट बांधणारा भाग म्हणजे मॅक. या दोघांमधल्या एमआयआय नावाच्या जोडणीवर आत येणाऱ्या डेटासाठी चारच रेघा असतात. घड्याळ २५ मेगाहर्ट्झचं. म्हणजे दर ४० नॅनोसेकंदाला चार बिट. शेजारी आणखी एक रेघ असते, आरएक्स-डीव्ही. ती वर गेली की चार रेघांवर जे आहे ते खरं, खाली आली की पॅकेट संपलं. आणखी एक रेघ फायला काही गडबड दिसली तर ओरडण्यासाठी. इतकंच.

इथे एक गंमत आहे, ती बहुतेक क्रमिक पुस्तकं एका ओळीत उरकतात. हे २५ मेगाहर्ट्झचं घड्याळ आपल्या संगणकाचं नसतं. समोरच्याने ज्या ठेक्यावर बिट पाठवले तो ठेका फाय आलेल्या सिग्नलमधूनच उकलून काढतो आणि त्याच ठेक्यावर मॅकला बिट देतो. दोन्ही टोकांची घड्याळं दहा लाखांत शंभरपर्यंत पुढेमागे असली तरी इथरनेटला चालतं, त्यामुळे ती कधीच तंतोतंत जुळत नाहीत. वेळही पाहुण्याची, आकारही पाहुण्याचा. चिपच्या आत कुठेतरी परक्या ठेक्यावर आलेले बाइट स्वतःच्या ठेक्यावर घ्यावेच लागतात. त्यासाठी एका बाजूने भरायची आणि दुसऱ्या बाजूने रिकामी करायची छोटी मेमरी असते, तिला फिफो म्हणतात.

निपाणीच्या वाचकाला फिफो समजावायला फार लांब जायला नको. गाळप हंगाम सुरू झाला की श्री हालसिद्धनाथ सहकारी साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागतात. आधी वजनकाटा, मग यार्ड, मग गव्हाण. गव्हाणीत ऊस पडायचा वेग गिरणीवर ठरतो, गाड्या यायचा वेग फडांवर. यार्ड या दोन वेगांचा मेळ घालतं. फिफोचं काम तेच. फरक एवढाच, आणि तोच महत्त्वाचा, की यार्ड तुंबलं तर कारखान्याचं शेती खातं तोड थांबवू शकतं. इथरनेटच्या चिपच्या हाती असा लगाम जवळजवळ नाही. १९९७ मध्ये ‘जरा थांबा’ असं सांगणारी पॉज नावाची चौकट इथरनेटच्या मानकात आली खरी, पण ती सगळीकडे चालू नसते, आणि चालू केली तर एका संथ यंत्रापायी मागची सगळी रांग अडते. त्यामुळे फिफो भरलं की पुढचं पॅकेट टाकून दिलं जातं. पाठवणाऱ्याला तसा निरोपही जात नाही.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक स्वस्त चिप उत्तम: मायक्रोचिप कंपनीची ईएनसी२८जे६०. अभियांत्रिकीच्या प्रोजेक्टमध्ये आर्डुइनोला जोडलेली ती हमखास दिसते. वेग फक्त दहा मेगाबिट. पोटात ८ किलोबाइट मेमरी, पाठवण्यासाठी आणि घेण्यासाठी मिळून. घेण्याचा हिस्सा वर्तुळासारखा वापरला जातो. शेवट आला की पुन्हा सुरुवात. प्रोसेसर तिच्याशी एसपीआय नावाच्या जोडणीच्या चार तारांवरून बोलतो.

समजा, जोडलेल्या संगणकाने ‘या आयपी पत्त्याचं यंत्र कोण?’ असं विचारणारं एआरपी पॅकेट सोडलं. सगळ्यांत लहान आकाराचं, चौकटीच्या शेवटच्या तपासणी-बाइटांसकट ६४ बाइटांचं. घेण्याचा हिस्सा शून्य पत्त्यापासून सुरू होत असेल आणि हे पहिलंच पॅकेट असेल, तर प्रोसेसरने वाचायला घेतल्यावर पॅकेट लगेच येत नाही. आधी येतात दोन बाइट, षोडशमान पद्धतीत ४६ आणि ००. हा पुढच्या पॅकेटचा पत्ता: दशमानात ७०. मग ४० आणि ००, म्हणजे लांबी ६४. मग स्थिती सांगणारे दोन बाइट: पॅकेट शाबूत आलं का, सर्वांसाठी होतं का, वगैरे. हे सहा बाइट चिपने स्वतः लिहिलेले. सहा अधिक चौसष्ट म्हणजे सत्तर, हिशेब जुळला. त्यानंतर सहा वेळा एफएफ, म्हणजे ‘सगळ्यांना’ हा पत्ता, आणि तिथून खरं पॅकेट सुरू होतं. पॅकेट वाचून झालं की प्रोसेसरने दोन कामं करायची: वाचनाची खूण पुढे सरकवून ती जागा मोकळी करायची आणि बाकी पॅकेटांची मोजणी एकने कमी करायची. यातलं पहिलं विसरलं तर चिप थोड्या वेळात तुंबते. नवशिक्यांचा प्रोजेक्ट प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी ‘आत्ता तर चालत होता’ म्हणून बंद पडतो, त्यामागे अनेकदा हेच असतं.

या चिपच्या माहितीपत्रकाबरोबर तिच्या दोषांचं पत्रकही वाचलं पाहिजे. पॅकेट आल्याची खूण देणारा बिट भरवशाचा नाही, त्याऐवजी पॅकेटांची मोजणीच वाचावी. वाचनाच्या खुणेत विषम पत्ताच भरावा. असं कंपनीनेच त्यात छापून ठेवलं आहे. माहितीपत्रक सांगतं चिप कशी असायला हवी होती ते, आणि दोषांचं पत्रक सांगतं ती कशी आहे ते.

आणखी एक बारकावा. पॅकेट खरं की खराब हे शेवटचे चार बाइट येईपर्यंत कळत नाही, कारण तपासणीची बेरीज तिथे असते. पण तोवर चिपला थांबता येत नाही. ती पत्ता पाहते, आपला असेल तर बाइट लिहीत जाते आणि शेवटी बेरीज चुकली तर लेखणी मागे नेते, जणू काही आलंच नव्हतं. प्रोसेसरला त्या पॅकेटचा पत्ताही लागत नाही.

आता हिशेब मांडू. आठ किलोबाइटांपैकी साडेसहा घेण्यासाठी ठेवले तर पूर्ण आकाराची, १५१८ बाइटांची चारच पॅकेटं त्यात मावतात. दहा मेगाबिटवर असं एक पॅकेट यायला सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास लागतो. म्हणजे प्रोसेसर पाच मिलिसेकंद दुसरीकडे गुंतला की जागा संपली. आणि हा वेग आज कोणी वेग म्हणणारसुद्धा नाही. एक गिगाबिटवर सगळ्यांत लहान पॅकेटं एकामागून एक आली तर दर ६७२ नॅनोसेकंदाला एक, सेकंदाला जवळजवळ पंधरा लाख. तिथे पोटातल्या मेमरीचा आणि प्रोसेसरच्या हाताने बाइट उचलण्याचा उपाय पुरत नाही.

जुन्या नेटवर्क कार्डांनी मात्र बराच काळ असाच संसार केला. एनई२००० या प्रसिद्ध कार्डावर नॅशनल सेमिकंडक्टरची डीपी८३९० जातीची चिप आणि १६ किलोबाइट मेमरी असे. तिचे २५६ बाइटांचे तुकडे पाडून वर्तुळ केलेलं. पॅकेट कार्डावर यायचं आणि प्रोसेसर ते दोन-दोन बाइटांनी उपसायचा. त्यानंतर सायबर कॅफेंच्या काळात गल्लोगल्लीच्या संगणकांत आलं रिअलटेकचं ८१३९. ही चिप पॅकेट थेट संगणकाच्या मुख्य मेमरीत लिहायची. प्रोसेसरला न विचारता मेमरीत लिहिण्याच्या या अधिकाराला डीएमए म्हणतात. मोठी सुधारणा. पण तिला एकच सलग पट्टा लागे, ८ पासून ६४ किलोबाइटांपर्यंतचा, आणि सगळी पॅकेटं त्यात चिकटून पडत. पट्टा पुन्हा भरण्याआधी प्रत्येक पॅकेट तिथून उचलून दुसरीकडे नकलून ठेवणं ड्रायव्हरला, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, भागच होतं. चिपने वाचवलेले कष्ट नकलेत गेले. शिवाय वाचनाच्या जागेच्या रजिस्टरमध्ये खऱ्या जागेपेक्षा १६ कमी आकडा भरायचा, असला विक्षिप्तपणा होताच. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी या चिपला मनसोक्त शिव्या घातल्या. तरी ती खपली, कारण ती स्वस्त होती आणि घरातल्या तारेवर तिचं व्यवस्थित भागत होतं. त्या काळात गावोगावी इंटरनेट पोहोचलं त्याचं थोडं श्रेय या हिणकस चिपलाही द्यावं लागेल.

खरा तोडगा याच्याही आधी निघाला होता. एएमडीच्या लान्स या चिपने १९८०च्या दशकातच डिस्क्रिप्टरची रिंग आणली होती. आजच्या सर्व्हरमधलं कार्डही याच कल्पनेवर चालतं, म्हणून पुस्तिकेची सर्वाधिक पानं तिला दिली आहेत.

डिस्क्रिप्टर म्हणजे मेमरीतली एक छोटी नोंद. इंटेलच्या ई१००० घराण्यातल्या चिपांची साधी नोंद १६ बाइटांची असते. पहिले आठ बाइट म्हणजे एका रिकाम्या बफरचा, पॅकेटसाठी राखलेल्या मेमरीच्या तुकड्याचा, पत्ता. उरलेले आठ ड्रायव्हर कोरे ठेवतो; तिथे चिप पॅकेट घेतल्यावर लांबी, तपासणीची बेरीज, स्थिती आणि चुका लिहिते. अशा नोंदी ओळीने मांडलेल्या, समजा २५६, आणि शेवटच्यानंतर पुन्हा पहिली. दोन आकडे त्यांच्यावरून फिरतात. एक, हेड, चिप पुढे नेते: इथपर्यंत मी भरलं. दुसरा, टेल, ड्रायव्हर पुढे नेतो: इथपर्यंत रिकामी जागा आहे. पॅकेट आलं की चिप हेडवरची नोंद वाचते, त्यातल्या पत्त्यावर पॅकेट लिहिते आणि शेवटी स्थितीच्या बाइटातला सर्वांत खालचा बिट १ करते. झालं, असा त्याचा अर्थ. ड्रायव्हर तो बिट पाहतो, पॅकेटाने भरलेला बफर नक्कल न करता तसाच वरच्या प्रणालीकडे देतो, त्या नोंदीत नव्या रिकाम्या बफरचा पत्ता लिहितो आणि टेल सरकवतो.

टेलला हेडने गाठलं म्हणजे चिपसाठी जागा उरली नाही. पॅकेटं काही काळ चिपच्या फिफोत तग धरतात, मग पडू लागतात. डिस्क्रिप्टरची सगळी करामत या एका शर्यतीत सामावली आहे.

उरतो प्रश्न हाक मारण्याचा. पॅकेट आलं की चिप इंटरप्ट देते, प्रोसेसर हातातलं काम टाकून धावतो. सेकंदाला शंभर पॅकेटं असली तर हे ठीक. लाखाने आली तर प्रोसेसर नुसता धावतच राहतो. आलेलं पॅकेट उचलतो, पण त्याचं पुढे काही करायच्या आत पुढची हाक येते. यंत्र शंभर टक्के कामात आणि निष्पत्ती शून्य. १९९६ मध्ये जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी या अवस्थेवर शोधनिबंध लिहिला. त्यातला उपाय साधा होता: पहिल्या हाकेनंतर हाका बंद करायच्या आणि प्रोसेसरने स्वतः ठरावीक मापाने येऊन उचलत राहायचं. लिनक्समध्ये हीच दिशा नापी या नावाने रुजली. तिथे ड्रायव्हर एका फेरीत सहसा ६४ पॅकेटं उचलतो, रिंग रिकामी झाली तरच पुन्हा हाक चालू करतो. गर्दी वाढली की हाका कमी होतात.

घेण्याची पद्धत एकच असते असं मात्र नाही, आणि त्याचा पुरावा पुण्यात आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यात ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. प्रत्येक ट्रान्सप्यूटरच्या अंगातच चार लिंक, म्हणजे शेजाऱ्यांशी बोलायच्या चार वाटा. त्यावरचा एक बाइट ११ बिटांत जाई: दोन सुरुवातीचे, आठ डेटाचे, एक शेवटचा. आणि घेणाऱ्याकडून प्रत्येक बाइटाला दोन बिटांची पोच परत येई. जागा नसेल तर पोच नाही, पोच नसेल तर पुढचा बाइट नाही. सेकंदाला २० मेगाबिटच्या लिंकवर प्रत्यक्षात पावणेदोन मेगाबाइटच्या आसपास डेटा सरकायचा. पण घेणारा बेसावध म्हणून एकही बाइट पडायचा नाही. जवळजवळ ठेवलेल्या यंत्रांच्या कपाटात हे शक्य होतं. मैलोगणती पसरलेल्या, अनोळखी यंत्रांच्या जाळ्यात पाठवणाऱ्याला बाइटागणिक ताटकळत ठेवणं परवडत नाही. म्हणून इथरनेटने पडण्याचा धोका पत्करला आणि पडलेलं पुन्हा मागवायची जबाबदारी वरच्या थरावर, टीसीपी या प्रोटोकॉलवर टाकली. पुढे परम पद्म या महासंगणकाच्या वेळी सी-डॅकने परमनेट-२ हे स्वतःचं जाळं बांधलं. घेणारी बाजू दुसऱ्यावर सोपवून भागत नाही, हे तोवर पुरतं कळलं होतं.

पुन्हा मागवायची सोयच नसेल तर? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही दुर्बीण अलीकडे अद्ययावत झाली, तेव्हा एका वेळी ऐकायचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. एवढ्या रुंद पट्ट्यासाठी सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. ते आकड्यांत बदलणाऱ्या बोर्डांकडून १० गिगाबिट इथरनेटवरून ग्राफिक्स प्रोसेसर बसवलेल्या संगणकांकडे जातात. इथे एखादं पॅकेट पडलं तर आकाश ते पुन्हा पाठवत नाही. पल्सारचा तो क्षण गेला. अशा ठिकाणी रिंग केवढी ठेवायची, प्रोसेसरच्या कोणत्या कोअरने कोणती रांग उपसायची, बफर कोणत्या मेमरीत असावेत, हे प्रश्न खगोलशास्त्राचेच होऊन बसतात.

निपाणीच्या मुलांसाठी हे लिहिण्यामागे एक हिशेब आहे. देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत, शिवाजी विद्यापीठाशी जोडलेलं. अभियांत्रिकीला जावं तर कर्नाटकाच्या बाजूला बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ. नोकरीला याच महामार्गाने वर पुणे नाहीतर खाली बंगळुरू, आणि चिपचं डिझाइन आणि ड्रायव्हर लिहिण्याचं काम दोन्हीकडे चालतं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा तिथे पोहोचतो तेव्हा त्याची अडचण हुशारीची नसते. कोणी त्याला हे एकदा स्वतःच्या भाषेत बसून उलगडून सांगितलेलं नसतं. २०२१-२२ पासून एआयसीटीईने मराठीसह प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकवायला मुभा दिली, पण या खोलीचा मजकूर मराठीत अजून विरळाच. म्हणून पुस्तिकेत रिंग, बफर, इंटरप्ट हे शब्द जसे प्रयोगशाळेत बोलले जातात तसेच ठेवले आहेत.

वाचायला फार तयारी नको. सी भाषेतला पॉइंटर कळत असावा आणि लिनक्स असलेला एखादा जुना संगणक हाताशी असावा. त्यावर ईथटूल ही आज्ञा वजा मोठ्या एस खुणेसह, पुढे कार्डाचं नाव देऊन चालवली की चिपने स्वतः ठेवलेल्या मोजण्यांची लांब यादी येते. तीत घेतलेली पॅकेटं असतात, बेरीज चुकलेली असतात, आणि अनेक कार्डांवर जागा नव्हती म्हणून सुटलेलीही वेगळी असतात. बेरीज चुकलेल्यांचा आकडा वाढत असेल तर केबल किंवा कनेक्टर तपासावा. सुटलेल्यांचा वाढत असेल तर केबलला बोल लावण्यात अर्थ नाही. रिंग लहान आहे किंवा प्रोसेसर वेळेवर येत नाही. या दोन आकड्यांमधला फरक ओळखता येण्यासाठी जे जे लागतं, ते पुढच्या प्रकरणांत क्रमाने येतं. पहिल्या प्रकरणात फक्त एमआयआयच्या त्या चार रेघा आहेत.